गोष्ट आणि साक्ष

गेल्या आषाढात आम्ही आमच्या धाकट्या भगिनीकडे बडोद्यास आठ-दहा दिवस मुक्कामास होतो. तिचे बिऱ्हाड मकरपुऱ्यास आहे. शहराच्या दक्षिणेस असलेले हे एके काळचे खेडे. खंडेराव महाराज गायकवाड यांनी १८७० साली येथे उन्हाळ्यात राहण्यासाठी राजवाडा बांधला. त्या वाड्यात पुढे वायुदलाची प्रशिक्षणशाळा आली. शेजारी कारखान्यांची मोठी वसाहत वसली आणि पोटापाण्यासाठी दूरदूरची माणसे येथे येऊन राहिली. आमचे मेहुणे अशाच एका लहानशा कारखान्यात लेथवर काम करतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, असा त्यांचा क्रम. घरात दोन मुले: भाचा महाविद्यालयात जातो, भाची दहा वर्षांची आहे.

शनिवारची रात्र होती. पाऊस कोसळत होता आणि वीज गेली होती. आमच्या लहानपणी अशा रात्री आजीभोवती कोंडाळे करून आम्ही हडळीच्या आणि मुंजाच्या गोष्टी ऐकत असू. येथे मुलांचे कोंडाळे भाच्याच्या हातातील फोनभोवती जमले होते. शेजारची दोन-तीन मुलेही आली होती. पडद्यावर अंधार, हलणारी झाडे, धापा टाकणारा कोणाचा तरी आवाज, आणि कोपऱ्यात तारीख व वेळ दाखविणारे आकडे. आम्ही विचारले, "काय पाहता रे?" भाचा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मामा, हा सिनेमा नाही. हे खरे चित्रण आहे. रानात गेलेली मुले परत आली नाहीत. फक्त त्यांचा कॅमेरा सापडला."

त्या रात्री भाची आईला बिलगून झोपली, आणि दिवा मालवू नका म्हणून तिने हट्ट धरला. सकाळी आम्ही भाच्याला जरा दरडावून विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "खरे कसे असेल, मामा? सगळा बनाव आहे. पण खरे म्हणून सांगितले नाही तर मजाच येत नाही."

हे त्याचे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. पुढे चारच दिवसांत त्या वाक्याचा अर्थ आम्हांस फार कडू रीतीने समजला. परंतु तो प्रसंग सांगण्यापूर्वी हे चित्रपट कोणत्या जातीचे, हे वाचकांस सांगणे अवश्य आहे.

या चित्रपटांत भुताखेतांची कथा असते, पण ती कथा म्हणून सांगितलेली नसते. कोणाच्या तरी हरवलेल्या कॅमेऱ्यातील फीत सापडली, ती जशीच्या तशी तुमच्यापुढे ठेवीत आहोत, असा आव असतो. किंवा वृत्तपटाचे सोंग असते: निवेदक, मुलाखती, जुनी छायाचित्रे, पोलिसांचे कागद, सारे काही रचलेले. संगीत नाही, ओळखीचा नट नाही, प्रकाशयोजना नाही. चित्र हलते, आवाज तुटतो, भूत तर बहुधा दिसतच नाही. एरवी जे दोष गणले जातील तेच येथे पुरावा होतात. चित्र इतके वाईट, तेव्हा ते खरेच असले पाहिजे, असे पाहणाऱ्याचे मन स्वतःशीच ठरविते. कल्पना सर्वस्वी नवी नव्हे. सापडलेल्या रोजनिशीचे किंवा पत्रांचे सोंग घेऊन कथा सांगण्याची रीत पुस्तकांत जुनीच आहे. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही १८९७ सालची कादंबरी रोजनिश्या, पत्रे आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे यांनीच भरलेली आहे. परंतु पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते. या चित्रपटांचे सारे कौशल्य सांगणारा लपविण्यात खर्ची पडते.

या जातीतील सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे १९९९ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. मेरीलँड राज्यातील रानात एका चेटकिणीच्या दंतकथेचा माग काढण्यास गेलेले तीन विद्यार्थी नाहीसे होतात, अशी कथा. दोघा तरुण दिग्दर्शकांनी १९९७ च्या ऑक्टोबरात आठ दिवसांत त्याचे चित्रण केले. कॅमेरे नटांच्याच हाती दिले होते. रोजच्या सूचना रानात ठेवलेल्या डब्यांतून त्यांना मिळत. दिवसेंदिवस खाण्याचे जिन्नस कमी केले जात. रात्री तंबूभोवती आवाज करून त्यांची झोप मोडली जाई. चित्रपटातील पात्रांना नटांचीच खरी नावे होती. प्रदर्शनापूर्वी ही तिन्ही मुले बेपत्ता असल्याची पत्रके वाटली गेली आणि इंटरनेटवर त्यांच्या शोधाचे खोटे कागद मांडले गेले. पुष्कळांचा विश्वास बसला. त्यांतील तरुणीच्या आईला अनोळखी लोकांची सांत्वनपत्रे आली, आणि मुलगी तर सुखरूप होती! अत्यल्प खर्चात केलेल्या या चित्रपटाने सुमारे २५ कोटी डॉलर मिळविले. मात्र ज्या तिघांनी रानात उपास काढले, त्यांच्या वाट्यास त्यातील फारच थोडे आले. २०२४ सालीही ते आपल्या मोबदल्याविषयी जाहीरपणे दाद मागत होते. मेलेले म्हणून दाखविलेल्या माणसांना आपण जिवंत आहोत हे सांगण्यास पंचवीस वर्षे पुरली नाहीत.

इंग्लंडातील एक उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. १९९२ च्या ३१ ऑक्टोबरास रात्री बीबीसीने 'घोस्टवॉच' नावाचा कार्यक्रम दाखविला. एका साध्या घरात भूत आहे की नाही याचा थेट तपास, असे त्याचे रूप. निवेदक मायकेल पार्किन्सन होते, ज्यांच्या मुलाखती सारा देश घरी बसून पाहत असे. वस्तुतः ते आधीच चित्रित केलेले नाटक होते. आरंभी लेखकाचे नावही दाखविले होते. परंतु ओळखीच्या चेहऱ्यापुढे त्या नावाकडे कोण पाहतो? प्रेक्षकांसाठी पडद्यावर दूरध्वनीचा क्रमांक दिला होता. ज्याचा फोन लागे त्याला हे सारे काल्पनिक आहे असे सांगितले जाई. पण इतक्या घाबरलेल्या लोकांनी एकाच वेळी फोन केले की पुष्कळांचा तो लागलाच नाही. म्हणजे सत्य सांगण्याची सोय होती, फक्त ते भीतीच्या गर्दीत अडकून पडले. बीबीसीने तो कार्यक्रम ब्रिटनमध्ये पुन्हा कधी दाखविला नाही.

आपल्याकडेही ही जात आली आहे. २०११ चा 'रागिनी एमएमएस' हा हिंदी चित्रपट असाच कॅमेऱ्यांत टिपल्याचा आव आणणारा. तो कुटुंबाने मिळून पाहावा असा मुळीच नव्हे, आणि त्याची शिफारस करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यातील एक गोष्ट मराठी माणसाने ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यातील भूत मराठी बोलते. ते एका बाईचे भूत आहे आणि तिचे गाऱ्हाणे एवढेच, की मी चेटकीण नव्हे, मी माझी मुले मारली नाहीत. प्रेक्षागृहातील लोक तिला भिऊन किंकाळ्या फोडीत होते. आणि ती बिचारी मात्र आपल्यावरील आळ नाकारीत होती! आपल्या देशात चेटकीण किंवा डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, क्वचित जीवही घेतला जातो, हे काल्पनिक नव्हे. म्हणूनच महाराष्ट्राला २०१३ साली आणि गुजरातेला २०२४ साली अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा करावा लागला. भिण्यासारखे भूत कोणते आणि कीव करण्यासारखी बाई कोणती, हा विवेक त्या अंधाऱ्या चित्रगृहात सुटला तर बाहेर उजेडातही सुटतो.

आता आमच्या प्रसंगाकडे वळतो.

मंगळवारी दुपारी आमच्या फोनवर एक चित्रफीत आली. भगिनीच्या सोसायटीतील एका सद्गृहस्थांनी ती धाडली होती. रात्रीची वेळ, चित्र धूसर, कोपऱ्यात आकडे. खांद्यावर गोणी घेतलेली एक बाई गल्लीतून येते, ओट्यावर बसलेल्या एका पोरापुढे वाकते, त्याला काहीतरी हुंगविते, आणि क्षणार्धात त्याला उचलून अंधारात नाहीशी होते. वर एका पुरुषाचा आवाज गुजरातीत सांगतो की ही घटना आपल्या मकरपुऱ्यातील आहे, मुले सांभाळा. आमच्या अंगावर काटा आला. अंगणात भाची खेळत होती. तिला आधी आत बोलाविले. मग, वाचकहो, आम्ही काय केले? ज्याला चार लोक वडीलधारा समजतात, ज्याचे लिखाण चार लोक वाचतात, त्या आम्ही ती फीत आणखी तीन ठिकाणी पाठविली आणि खाली आपल्या शब्दांत लिहिले, "सर्वांनी सावध राहावे." फीत कोणी काढली, कोठे काढली, असा प्रश्न आमच्या मनाला शिवलादेखील नाही. चित्र वाईट होते ना? मग खरेच असणार!

गुरुवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी गलका ऐकू आला. आम्ही सज्जात जाऊन पाहिले. भंगार वेचणारी एक बाई वीस-पंचवीस माणसांच्या घोळक्यात उभी होती. तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल होते आणि ते रडत होते. "मूल कोणाचे? बोल, कोठून आणलेस?" असे चारी बाजूंनी विचारीत होते. ती नातवाचे नाव सांगत होती, पण तिची बोली कोणास नीट समजत नव्हती. कोणी तिची गोणी हिसकावून रस्त्यावर उपडी केली. आतून पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठे आणि एक फुटकी बादली पडली. एक तरुण हातातील फोन उंच धरून ते सारे टिपीत होता. दुसऱ्याच्या हातात काठी होती.

आम्ही जिना उतरलो खरे. पण घोळक्यात शिरण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, हे लपवीत नाही. त्याच वेळी मेहुणे रात्रपाळी आटोपून घरी येत होते. त्यांनी स्कूटर तशीच रस्त्यात लावली आणि थेट त्या बाईच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मोठ्याने बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "ही बाई माझ्या ओळखीची आहे. आमच्या कारखान्याच्या फाटकाशी रोज पहाटे पुठ्ठे वेचायला येते. हा तिचा नातू. सून आजारी आहे म्हणून बरोबर आणते." मग त्यांनी खाली वाकून बाटल्या गोणीत भरण्यास आरंभ केला. त्यांना वाकलेले पाहून आणखी एकजण वाकला. काठीवाला मागे सरला. पाच मिनिटांत फाटक रिकामे झाले. बाई मुलाला पोटाशी धरून गेली. गोणी मात्र तिने नेली नाही.

घरी येऊन मेहुण्यांनी हातपाय धुतले आणि चहाचा पेला हाती घेऊन शांतपणे विचारले, "दादा, ती फीत तुम्हांला कोणी पाठविली होती?" आम्ही नाव सांगितले. "आणि तुम्ही कोणाला पाठविलीत?" या प्रश्नास उत्तर देताना आमची मान वर झाली नाही.

मग भाचा पुढे आला. त्याने फीत पुन्हा लावली आणि एका जागी थांबविली. बाईच्या पाठीमागे एका दुकानाची पाटी अर्धवट दिसत होती. तीवरील अक्षरे गुजराती नव्हती, देवनागरीही नव्हती. दक्षिणेकडील कोणती तरी लिपी होती. आमच्या डोळ्यांपुढून ती पाटी कितीतरी वेळा गेली असेल, पण दिसली नव्हती. तासाभराच्या शोधानंतर त्याने मूळ फीत हुडकून काढली. ती आमच्याकडील फितीपेक्षा थोडी लांब होती. शेवटी ती बाई मुलाला घेऊन परत येते, मूल हसत असते, आणि पडद्यावर अक्षरे येतात की हे पालकांना सावध करण्यासाठी केलेले नाट्य आहे. तेवढाच शेवट कोणीतरी कापला होता आणि वर नवा आवाज चढविला होता.

हे वाचून कोणी म्हणेल, अशा एखाद्या फितीने काय बिघडते? त्यांनी २०१८ साल आठवावे. कराचीतील 'रोशनी' या संस्थेने हरवलेल्या मुलांविषयी लोकांना जागे करण्यासाठी एक लहानशी फीत केली होती. मोटरसायकलवरून आलेले दोघे एक मूल उचलतात, मग परत येऊन त्याला खाली ठेवतात आणि मूल पळविणे किती सोपे आहे अशा अर्थाचा फलक दाखवितात. तिचाही शेवट कापला गेला आणि ती खऱ्या अपहरणाचे चित्रण म्हणून आपल्या देशभर फिरली. त्या वर्षी मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी ठिकठिकाणी निरपराध माणसे मारली गेली. जूनच्या २६ तारखेस अहमदाबादेत वाडज भागात भिक्षेवर जगणाऱ्या एका स्त्रीला जमावाने ठार केले. पाचच दिवसांनी, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे सोलापूरकडील भटक्या गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास आळा घातला. आम्ही तो तीनच ठिकाणी धाडला होता, म्हणजे नियमात होतो! पण नियम पाळला म्हणून काठी कोणाच्या पाठीत बसली नसती असे थोडेच आहे?

भुताचा तो चित्रपट आणि ही फीत यांची कारागिरी एकच आहे, हे त्या दिवशी आम्हांस उमगले. तोच अंधार, तेच आकडे, तीच हालचाल, आणि सांगणारा तसाच नाहीसा झालेला. भेद एवढाच, की चित्रपट संपल्यावर दिवे लागतात. फितीला दिवे नाहीत. आजी भुताची गोष्ट सांगे तेव्हा आम्ही भीत असू, पण आजीचा चेहरा समोर असे. गोष्ट फार भयंकर झाली तर तिच्या मांडीत डोके खुपसता येई. तिने कधी सांगितले नाही की हडळ पलीकडच्या घरातील अमकीच आहे. गोष्ट गोष्टीच्या जागी राहिली. भय वाईट नव्हे; भयाला घर असले पाहिजे.

बडोद्यासारख्या गावी हा विचार विशेष सुचतो. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके येथल्याच कलाभवनात शिकले. त्यांनी छायाचित्राचा व्यवसाय मांडला तेव्हा कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य घटते, अशी लोकांची समजूत होती असे सांगतात. त्या वेळी लोक कॅमेऱ्याला भीत. आज तो जे दाखवील ते मुकाट्याने मानतात. दोन्ही अज्ञानेच. फाळक्यांनी १९१२ साली एका अंकुराची वाढ टिपून भांडवल देणाऱ्यांना थक्क केले, पुढील वर्षी 'राजा हरिश्चंद्र' काढला, आणि १९१७ साली चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक छोटा चित्रपटही केला. देवांचे चमत्कार पडद्यावर दाखविणाऱ्या माणसाने पडद्यामागील हातही लोकांना दाखविला. तो प्रामाणिकपणा आम्हांस फार मोठा वाटतो. आता तर यंत्राला नुसते शब्द सांगितले की न घडलेली घटना जशीच्या तशी चित्रित होऊन येते. असे असता पडद्यामागील हात शोधण्याची सवय घरोघरी लागली पाहिजे.

ही सवय कठीण नाही. भाच्याने ती आम्हांस शिकविली. कोणतीही भयंकर फीत समोर आली की तीन गोष्टी विचाराव्या. हे कोणी टिपले? मदतीला न धावता तो टिपीत का राहिला? आणि याच्या आधी व नंतर काय होते? उत्तरे नसतील तर बोट आवरावे. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आपण लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आलो. साक्ष फक्त न्यायालयातच देतात अशी आमची समजूत होती. "सावध राहावे" हे दोन शब्द लिहून आम्हीही एका बाईविरुद्ध साक्ष दिली होती, तीही तिला न पाहता.

त्याच संध्याकाळी आम्ही त्या तिन्ही ठिकाणी लिहून कळविले की फीत खोटी आहे, आमची चूक झाली. फीत पाठविली तेव्हा पुष्कळांनी आभार मानले होते. या वेळी दोघांनीच उत्तर दिले, त्यांपैकी एकाने लिहिले, "तरी सावध राहिलेले बरे."

रात्री भाचीने दादाला तोच चित्रपट पुन्हा मागितला, आणि आम्हांस आश्चर्य वाटले. त्याने तिला जवळ घेऊन आधी सांगितले की हे सारे खोटे-खोटे आहे. या मुलांना कॅमेरे दिले होते, आणि तंबू हलविणारे लोक बाहेर उभे होते. मग त्याने चित्रपट लावला. ती भ्यायली, किंचाळली, हसली, आणि दिवा मालवून झोपली. मजा येत नाही असे काही झाले नाही.

ती गोणी मेहुण्यांनी उचलून व्हरांड्यात आणून ठेवली आहे. आमच्या भगिनीने तिच्यात घरातील रद्दी आणि रिकाम्या बाटल्याही भरल्या. रोज पहाटे मेहुणे कारखान्याच्या फाटकाशी नजर टाकतात. आम्ही परत निघालो तोवर ती बाई आली नव्हती.